आधी कोणाकडे

भावना या खेपेला पास झाली, तर सगळ्यांत मोठा फायदा जावई सर्जेराव यांचा होता. जालन्यातल्या मस्तगडच्या घराचा वरचा मजला, म्हणजे दोन खोल्या, वेगळा नळ आणि बाहेरून जिना, रिकामा होणार होता; कारण भावना आखातात नोकरीला गेली की तिचा नवरा सुमित आणि लेक पायल खाली म्हाताऱ्यांत राहायला येणार, हे उन्हाळ्यातच ठरलं होतं. त्याशिवाय सर्जेरावांचं शहागडचं थोरल्या भावाबरोबरचं एकत्र स्वयंपाकघर सुटणार होतं, हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न सुटणार होते आणि टायरच्या दुकानाच्या पाटीवर जालन्याचा पत्ता येणार होता. बायको प्रीती माहेरातच राहायला आली म्हणजे माहेरी जाऊ दिलं नाही म्हणून रुसायचं तिचं कारणही संपणार होतं. एवढा फायदा खुद्द भावनाचासुद्धा नव्हता. भावनाला नुसती नोकरी मिळणार होती.

तोटा एकटीचा होता, सासूचा. प्रभावतीबाईंची सून जाणार, म्हणजे सत्तरीत परत नातीची वेणीफणी आणि डबा. आणि ड्यूटीवरून आल्यावर चपला न काढता ओट्यावर बसून त्यांचं सगळं ऐकून घेणारं घरातलं एकमेव माणूस जाणार. ‘नापास हो’ असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. फक्त आधीच्या दोन्ही निकालांना पोरीचं तोंड उतरलं म्हणून त्यांनी पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या, आणि दोन्ही वेळा पोळ्या जरा जास्तच चांगल्या झाल्या होत्या.

सासऱ्यांची, म्हणजे संपत गुरुजींची, गोष्ट निराळी. इतर घरं एकरांत मोजली जातात. हे घर परीक्षांत मोजलं जायचं. गुरुजींचे वडील तातेराव वाटूरला मॅट्रिक झाले तेव्हा सगळी वस्ती तो कागद बघायला आल्ती, असं घरात सांगतात. तेव्हापासून या घरात कोणी एका परीक्षेत तीनदा नापास झालेलं नव्हतं. दोनदा नापास होण्याला घरात ‘तयारी’ म्हणत. आता मंगळवारी हैदराबादच्या केंद्रावर भावनाचा तिसरा प्रयत्न होता, आणि तिकडचा नियम असा की तिसऱ्यांदा नापास झालेल्या नर्सला त्या देशाचं लायसन पुन्हा मागता येत नाही. म्हणजे पणाला भावनाचा जन्म आणि गुरुजींची तीन पिढ्यांची शिल्लक.

शनिवारी गुरुजींनी तिचं सरावाचं पुस्तक लाल पेनाने तपासलं. औषधांचे प्रश्न बरोबर, हृदयाचे बरोबर, बाळंतपणाचे तर एकूणएक बरोबर. वांधा एकाच जातीच्या प्रश्नात होता. वॉर्डात चार पेशंट आहेत, नर्सने आधी कोणाकडे जावं? असे त्रेचाळीस प्रश्न होते आणि एकतीस चुकलेले होते. एकतीसही ठिकाणी भावना वयाने सगळ्यांत मोठ्या माणसाकडे गेली होती.

“भावना,” गुरुजी म्हणाले, “ह्या म्हाताऱ्याला नुसतं बद्धकोष्ठ हाय. आन् हे पोरगं निळं पडून राह्यलंय. तू म्हाताऱ्याकडं कामून गेलीस?”

“म्हातारं माणूस, मामा. ताटकळत कसं ठेवायचं?”

“आन् पोरगं?”

“पोराजवळ त्याची आई असंल की.”

“प्रश्नात आई न्हाई.”

“प्रश्नात नसंल. पण असती.”

गुरुजींनी चष्मा काढला. अकरा वर्षं ही पोरगी मोंढ्याजवळच्या दवाखान्यात तीस पेशंट आणि त्यांचे सव्वाशे नातेवाईक एकटी सांभाळते. तिथे म्हाताऱ्याला थांबवलं तर त्याचे चार पुतणे काउंटरवर येतात. तिच्या उत्तरात अक्कल होती, फक्त मार्क नव्हते.

“पुस्तकानं हे जाणार न्हाई,” ते म्हणाले. “प्रात्यक्षिक करावं लागंल.” आणि त्यांनी शहागडला फोन लावून लेक-जावयाला रविवारी सकाळी आजारी पडायला बोलावलं.

*

रविवारी बैठकीच्या खोलीत दोन खाटा, एक दिवाण आणि एक गादी अशी मांडामांड झाली. पायलला शेजारी धाडलं होतं. गुरुजींकडे निरोपसमारंभात मिळालेली पितळी घंटा होती. ती हातात असली की ते वाटूरची बोली सोडून छापील बोलत.

“प्रत्येक रुग्णाने आपली चिठ्ठी घ्यावी,” ते म्हणाले. “आजार बदलून मिळणार नाही.”

सर्जेरावांनी चिठ्ठी वाचली आणि घडी घालून परत केली. “मामा, जावयाला जुलाब?”

“सरावासाठी आहे.”

“शहागडात कळलं तर लोक सराव म्हणणार न्हाईत. जरा बरा द्या एखादा. हार्ट वगैरे.”

“हृदयाचे तिचे बरोबर येतात.”

“मंग मुतखडा द्या. आमच्या थोरल्या कडूबादादाला झाल्ता, मला बिलकुल सगळं पाठ हाय. ओरडताबी येतं त्याच्यात.”

गुरुजींनी तीस वर्षं पोरांना विषय बदलून दिला नव्हता, पण जावयाला आजार बदलून दिला. पेनाने खाली लिहिलं: मुतखडा, वेदनेचं इंजेक्शन दहा मिनिटांपूर्वी दिलेलं आहे. हे पाहून प्रीतीने आपल्या चिठ्ठीतली ‘जखमेतून पू’ ही ओळ खोडून घेतली आणि पोटाच्या ऑपरेशननंतरचा नुसता ताप ठेवला; नवी साडी होती.

प्रभावतीबाई चिठ्ठीच घेईनात. “मनगट मोडलं म्हणं, बोटं गार पडली म्हणं. माझे गुडघे खरे दुखून राह्यलेत, ते सोडून उसनं मनगट कामून घेऊ?”

“गुडघे अभ्यासक्रमात नाहीत.”

“मंग दोन्ही घेते.”

राहिलेली चिठ्ठी सुमितची. तो सळयांच्या कारखान्यात वजनकाट्यावर असतो. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, रिकामा होऊन परत चढतो, आणि मधला आकडा सुमित लिहितो. घरातही त्याच्या वाट्याला मधलं, उरलेलं येत गेलं आणि त्याने कधी कुरकुर केली नाही. चिठ्ठीत होतं: आज सकाळी गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन. आवाज घोगरा होत चालला आहे. बेचैन आहे, पण बोलत नाही.

“म्हंजी मी नुसतं पडायचं?” सुमितने विचारलं.

“बेचैन पडायचं.”

तो गादीवर जाऊन बेचैन पडला.

भावना पांढऱ्या ड्रेसवर आत आली. गुरुजींनी चौघांच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या, घड्याळ बघितलं आणि घंटा दिली. “दीड मिनिट. आधी कोणाकडे?”

ऐकता ऐकताच भावनाला उत्तर कळलं होतं, ही गोष्ट इथे नोंदवून ठेवायला हवी. गळ्याचं ऑपरेशन, घोगरा आवाज, बेचैनी: आत रक्त साचतंय, श्वासनळी दबतेय. दवाखान्यात असती तर धावली असती. पण हा दवाखाना नव्हता, बैठकीची खोली होती. गादी भिंतीकडे होती, आणि तिकडे जायचं तर सासूच्या खाटेवरून, जावयाच्या दिवाणावरून आणि नणंदेच्या खाटेवरून पुढे जाऊन, सगळ्यांच्या देखत, स्वतःच्या नवऱ्याच्या उशाशी बसावं लागणार होतं. लग्नाला तेरा वर्षं झाली. चार माणसांत तिने सुमितला पाण्याचा तांब्यासुद्धा कधी आधी दिला नव्हता. तिचे पाय सासूकडे वळले.

घंटा वाजली. “चूक,” गुरुजी म्हणाले. “सुमित गेला.”

“गेला म्हंजी?” प्रभावतीबाईंनी मान उचलली.

“श्वास कोंडून मृत्यू.”

“रविवारचं, जेवायच्या टायमाला, धडधाकट लेकरू समोर लोळून राह्यलंय, आन् तुमी…”

“रुग्णांनी आपापसांत बोलू नये. पुन्हा.”

दुसऱ्या फेरीला सर्जेरावांनी रंग भरला. पहिल्या फेरीत आपल्याला डावलल्याचं त्यांना लागलं होतं, त्यामुळे ते असे कण्हले की शेजारच्या बाईने खिडकीतून डोकावून काय झालं म्हणून विचारलं. भावना त्यांच्याकडे गेली. त्यांनी एक उशी जास्त मागून घेतली. सुमित दुसऱ्यांदा गेला.

तिसऱ्या वेळी तिने डोकं चालवलं: मोठ्यापासून चुकतंय तर धाकट्यापासून जावं. ती प्रीतीकडे गेली.

“वैनी, मला नुसता ताप हाय,” प्रीती हळूच म्हणाली. “दादाकडं जाय ना.”

घंटा. “तिसऱ्यांदा गेला,” गुरुजी म्हणाले, आणि पायलच्या पाटीवर तिसरी रेघ ओढली. “परीक्षेत असे बारा-पंधरा प्रश्न येतात, भावना. म्हणजे मंगळवारी पंधरा माणसं.”

“उठू का बाबा मी?” सुमितने विचारलं.

“तू बोलू नको. तुझ्या गळ्याचं झालंय.”

प्रभावतीबाई मात्र उठून बसल्या. आज सकाळपासून त्यांचं सगळं मनासारखं चाललं होतं. सून तीनदा चुकली होती आणि तिसऱ्यांदा नापास व्हायची पक्की चिन्हं होती. एवढ्यावर गप्प राहिल्या असत्या तर वेणीफणी, डबा, सगळं टळलं असतं. पण पाटीवरच्या त्या तीन रेघा त्यांना बघवेनात. प्रत्येक रेघेला त्यांचा पोटचा एकुलता एक पोरगा होता.

“भावना, अगं त्याच्याकडं जाय की.”

“आत्या, तुमी असताना…”

“मी काय मरून राह्यले का? हात मोडलाय नुसता.”

“आन् दाजी?”

“दाजीला खडा हाय. तो कुठं पळून चाललाय?”

“मामी,” सर्जेराव दिवाणावरून म्हणाले, “खड्यानं माणूस मरतंय, म्हणलं.”

“इतकं ओरडायला श्वास लागतो, जावईबापू. तुमचा बराबर चालू हाय. माझाबी चालू हाय. जो बोलून राह्यला न्हाई, त्याचं बघा म्हणते मी.”

गुरुजींचा घंटेचा हात तसाच राहिला. पुस्तकाच्या शेवटी, उत्तरांच्या पानावर, हेच कारण इंग्रजीत सहा ओळींत छापलेलं होतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने कारणासह बरोबर उत्तर दिल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं, किंवा त्यांनी कधी तपासलं नव्हतं.

भावना अजून उभीच होती. “लोक काय म्हणतील, आत्या? सासू-जावई सोडून नवऱ्याकडं पळाली म्हणतील.”

“मंगळवारी तिथं कोणते लोक हायेत?”

“माझ्या डोक्यात असतात.”

प्रभावतीबाईंनी पदर सारखा केला. सून जालन्याच्या भल्या मोठ्या डॉक्टरांना फोनवर दटावते हे त्यांना माहीत होतं. आपण तिच्या डोक्यात इतकी जागा अडवून बसलोय हे माहीत नव्हतं.

“मंग ऐक,” त्या म्हणाल्या. “आजपासून मला शेवटी बघायचं. चहा, पाणी, जेवण, काही असू दे. मी म्हातारी न्हाई, सासू न्हाई, कोणी न्हाई. मी शेवटी. मी सांगून राह्यले, तुझ्यावर बोल न्हाई.”

घंटा वाजली. भावना खोली ओलांडून भिंतीपाशी गेली. तिने सुमितची मान उचलून खाली उशी सरकवली, आणि मानेच्या मागे हात घालून बघितलं, कारण गळ्याचं रक्त उताणं पडलेल्या माणसाच्या मागे ओघळतं, समोरून दिसत नाही. सुमितने डोळे मिटले होते. बेचैन राहायचं तो विसरला.

“बरोबर,” गुरुजी म्हणाले. आवाज जरा घोगरा आला, पण त्यांच्या गळ्याचं काही झालेलं नव्हतं. “आता पुढचा क्रम.”

“दोन नंबर आत्या. त्यांची बोटं गार पडलीत असं चिठ्ठीत हाय.”

“मी शेवटी म्हणलं ना,” प्रभावतीबाई म्हणाल्या.

“बोटं गार असली तर न्हाई जमणार, आत्या. तीन प्रीती, ताप. चार दाजी. त्यांना इंजेक्शन दिलेलं हाय.”

सर्जेराव दिवाणावरून उठले. “चौथा?”

“मामी जागा सोडून राह्यल्यात तर त्यांचा दुसरा तरी मला द्या,” असं ते म्हणाले, तेव्हा थट्टा आहे असं वाटून प्रीती हसली. ती थट्टा नव्हती.

*

जावयाच्या रुसण्याची एक रीत असते आणि सर्जेरावांना ती नीट अवगत होती. आधी पायताण शोधायचं. ते सापडायला वेळ लावायचा. तेवढ्यात सासू आडवी येते, सासरा दोन शब्द बोलतो, तिसऱ्या विनवणीला जावई हात धुतो. त्यांनी पायताण शोधलं, सापडलेलं परत हरवलं, उंबऱ्यात उभं राहून किल्ली चाचपली.

“पाव्हणं माणूस, साठ-सत्तर किलोमीटरवरून बोलवायचं, आन् चौथा नंबर लावायचा,” ते दाराच्या चौकटीला म्हणाले.

“सराव होता, दाजी,” सुमित म्हणाला. त्याला आता बोलायची परवानगी होती.

“सराव असंल. नंबर तर खराच लागला ना.”

प्रभावतीबाई उठतील म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी गुडघे लांब केले. “भावना, भूक कोणाला लागली? त्याला आधी वाढ.”

या घराच्या इतिहासात जावई उभा असताना पान वाढलं गेलेलं नव्हतं. मग प्रीतीने हात वर केला. सकाळी सहाला शहागड सोडलं होतं आणि ती खरंच भुकेली होती. ती बसली आणि नवऱ्याकडे न बघता तिने भाकरी मोडली. वरच्या मजल्यासाठी दोघांनी मिळून दोन वर्षं मांडलेला पट तिथेच मोडला, कारण सर्जेराव त्याच क्षणापासून भावना नापास व्हावी या बाजूला गेले. सकाळी त्या बाजूला एकट्या प्रभावतीबाई होत्या. दुपारी त्या उठल्या आणि जावई त्यांच्या जागेवर बसले.

ते एकटेच गाडी घेऊन निघाले आणि अंबड चौफुलीला झाडाखाली अर्धा तास थांबले. फोनला रेंज पूर्ण होती. फोन आला नाही. सोमवारी भावनाला स्टेशनवर सोडायचं त्यांनी कबूल केलं होतं, ते त्यांनी परस्पर रद्द केलं. सुमितने तिला स्कूटरवरून सोडलं.

रविवार संध्याकाळ ते सोमवार संध्याकाळ गुरुजींच्या हुकमाने घर गरजेप्रमाणे चाललं. पहिला चहा पाणी भरणाऱ्या मावशींना, दुसरा शाळेतून आलेल्या पायलला. गुरुजी खुर्चीत बसलेले, बरे, निवृत्त, पोट भरलेलं. त्यांचा नंबर शेवटचा लागला.

“हे मंगळवारपर्यंतच हाय ना?” त्यांनी विचारलं.

“बघू,” प्रभावतीबाई म्हणाल्या.

*

हैदराबादला भावनाच्या पडद्यावर अडुसष्ट वर्षांची पहिली बाई सतराव्या प्रश्नाला आली. कंबर दुखतेय, नर्सला तीनदा बोलावलंय, मुलगा तक्रार करणार आहे. तिच्याबरोबर तेवीस वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्याबद्दल एवढंच लिहिलं होतं की तो मघापेक्षा शांत झाला आहे. भावनाचा हात बाईच्या चौकोनावर गेला. बाईने गुडघे लांब केले आणि म्हणाली, मी शेवटी. भावनाने मुलावर टिचकी मारली. पुढे असे चौदा आले. चौदाही म्हाताऱ्या तिने थांबवल्या, आणि त्यांतली एकही रागावली नाही.

बुधवारी दुपारी फोनवर निकाल आला. पास.

आता कोणी काय मोजलं ते.

सर्जेरावांना वरचा मजला मिळाला. पण तो मिळवायला त्यांना कोणी न बोलावता यावं लागलं, भर दुपारी, डोक्यावर गादी घेऊन, बाहेरच्या जिन्याने. आणि वर गेल्यावर कळलं की प्रीती आठ दिवस आधीच येऊन तिथे राहतेय. ती त्यांना वाढते, भूक लागली का असं विचारून. गुरुजींचा मंगळवार संपला नाही. त्यांचा चहा अजून शेवटी येतो आणि आता गारही असतो. घंटा त्यांनी स्वतःच माळ्यावर ठेवून दिली. सुमित पायलच्या दोन वेण्या घालायला शिकला. त्या सारख्या येत नाहीत, डावी नेहमी जड असते, आणि काट्यावरच्या माणसाला ते रोज सकाळी दिसतं.

भावनाकडे तिकडे पाच पेशंट आहेत, तीस नाहीत. शुक्रवारी ती फोन करते. सगळे एकदम बोलतात, जावईसुद्धा. तिला आता ऐकायची सवय वेगळी लागली आहे. पाचजण काय बोलले ते तिला नंतर आठवत नाही, सहावी, पायल, त्या वेळात एकदाही बोलली नाही तेवढं आठवतं. मग ती सगळ्यांना थांबवून पायलला मागते. पायल म्हणते, मी बरी आहे. परीक्षेत या उत्तराला काय करायचं ते तिला येतं. तिथून येत नाही.

राहता राहिल्या प्रभावतीबाई, ज्यांना मिळण्यासारखं काही नव्हतंच. सून गेल्यावर तीन आठवड्यांनी त्या बीपी बघायला मोंढ्याजवळच्या त्याच दवाखान्यात गेल्या. अकरा वर्षं तिथे त्यांना दाराशी कोणी थांबवलं नव्हतं. भावना सिस्टरची सासू म्हटलं की पडदा बाजूला व्हायचा, आणि त्यांच्या मागून वाटूरचं कोण ना कोण आत जायचं. आज काउंटरवर नवी पोरगी होती. तिने नंबराची चिठ्ठी दिली. सव्वादोन तास त्या बाकावर बसल्या. अकराव्या नंबरला एक ओळखीचा वॉर्डबॉय गेला, त्याला त्यांनी हाक मारली नाही. एकोणिसाव्याला एक बाई मांडीवर गप्प पडलेलं लेकरू घेऊन आली, तिला त्यांनी हाताला धरून उठवलं आणि रांगेच्या पुढे नेऊन उभं केलं.

दुपार कलली तेव्हा ती पोरगी बाहेर आली. “आजी, कधीच्या बसल्यात तुम्ही. कोणाच्या हो?”

“कोणाची न्हाई, बाई,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “एक्केचाळीस.”